नवे बूट महिनाभर बरे, मग पुन्हा तोच ठणका: सपाट तळवे आणि दिवसभर उभ्याचं काम

तक्रार थोडक्यात सांगते. नवे बूट घेतले की पहिले दोन आठवडे वाटतं, सुटले एकदाची. तिसऱ्या आठवड्यात दुपारनंतर डाव्या घोट्याच्या आत कुरकुर सुरू होते. महिना भरतो न भरतो तोच सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ जाते, आणि संध्याकाळी पाय असे ठणकतात की जिना चढताना कठडा धरावा लागतो. मग पुन्हा नवे बूट, पुन्हा तेच.

मी कपडे शिवणाऱ्या युनिटमध्ये कटिंगला आहे. कापडाचे थर अंथरलेल्या लांब टेबलापाशी दिवसाचे आठ-नऊ तास उभी असते. तळवे लहानपणापासून सपाट. ओल्या पायाने फरशीवरून गेले तर मधे खळगा म्हणून उमटत नाही, अख्खं पाऊल छापलं जातं. चार वर्षांत पाच जोड्या झाल्या तेव्हा कुठे लक्षात आलं की बूट बदलत होते, चूक तीच होती: दर वेळी मी आधीच्यापेक्षा मऊ बूट घेत होते.

आधी जुने बूट टेबलावर ठेवा

हे सुचलं ते कामाच्या सवयीने. एकदा सुट्टी झाल्यावर जुने बूट रिकाम्या कटिंग टेबलावर ठेवले, टाचा माझ्याकडे करून. टाचेमागच्या शिवणीवर खडूने रेघ मारली आणि शेजारी गुण्या उभा केला. उजव्या बुटाची रेघ गुण्याला धरून सरळ वर गेली. डाव्याची मात्र वरच्या टोकाला चांगली अर्ध्या बोटाने आत झुकलेली. बूट होते दीड महिन्याचे. खालचं रबर जेमतेम घासलेलं. तळ उलटा करून पाहणाऱ्याने नवेच म्हटलं असतं. पण रबराच्या वरचा फोम बाजूने अंगठ्याने दाबून पाहिला, तर बाहेरच्या अंगाला तो उसळत होता आणि आतल्या अंगाला ढिम्म.

तिथे कोडं सुटलं. सपाट पावलावर भार पडला की ते आत कलतं. आत कललं की बुटाचा फोम आतून जास्त दबतो. तो दबला की पावलाला कलायला आणखी जागा मिळते. पाय बुटाला बसवतो, बूट पायाला बसवतो, आणि दोघं मिळून घोट्याला. मऊ फोममध्ये हे जास्त लवकर होतं, इतकंच. पहिले पंधरा दिवस जो आराम वाटायचा, तो फोम अजून बसला नव्हता म्हणून.

बहुतेक स्पोर्ट्स शूजच्या तळात ईव्हीए नावाचा फोम असतो, हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेला. धावताना दर पावलाला त्याच्यावरचा भार सुटतो. उभ्याच्या कामात तो तासन्‌तास एकाच जागी दाबला जातो. पॉलियुरेथेनचा तळ त्यापेक्षा जड, पण दाबाखाली जास्त दिवस उभा राहतो. त्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा: वर्षानुवर्षं दमट जागी पडून राहिला तर त्याचा भुगा होतो. म्हणजे सवलतीत दोन जोड्या घेऊन एक कपाटात ठेवण्यातला माल हा नव्हे. आणि ते मेमरी फोम, ज्याच्यावर मी दोनदा भाळले, ते मुळात १९६६ साली नासाच्या कामातून विमानाच्या आसनांसाठी निघालं. बसण्यासाठी जन्माला आलेली वस्तू मी उभं राहायला वापरत होते. हाताने दाबून पाहताना ते लोण्यासारखं वाटतं. अख्ख्या अंगाचा भार पडल्यावर ते चेपून जातं आणि पाय खालच्या कडक थरावर येतो.

तेव्हा नवे बूट शोधण्याआधी जुने काय सांगतात ते बघा. रेघ आत झुकली असेल तर बुटाने साथ सोडली आहे. रेघ सरळ आणि तरी पाय दुखतो, तर दोष मापात, सुखतळ्यात (बुटातल्या इनसोलमध्ये) किंवा उभं राहण्याच्या पद्धतीत शोधायचा. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त घासलेली असली तर घाबरू नका, बहुतेकांची टाच तिथेच आधी टेकते.

दुखतं नेमकं कुठे?

"पाय दुखतात" एवढ्यावर बूट निवडता येत नाही. बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

टाचेखाली, थोडं आतल्या बाजूला, आणि सकाळच्या पहिल्या काही पावलांना सगळ्यात जास्त: हा टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून गेलेल्या जाड पट्ट्यावरचा ताण. कमान खाली बसली की हा पट्टा ताणला जातो. याला टाचेत घट्ट धरणारा आणि कमानीखाली टेकू देणारा बूट मानवतो. घरात अनवाणी फिरणं बंद केल्यावर मला निम्मा फरक तिथेच पडला.

घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागून खाली दुखतं, तर तिथून कमान उचलून धरणारी एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जाते. ती थकली आहे. हे दुखणं हलक्यात घ्यायचं नाही, त्याबद्दल शेवटी लिहिते. पाऊल फारच आत कलत असेल तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूलाही दुखू शकतं, कारण तिथे हाडं एकमेकांवर दाबली जातात. त्यामुळे बाहेर दुखतं म्हणून बाहेरून उंच टेकू घालायला जाऊ नका.

चवड्याखाली आग होत असेल तर बहुधा टाच उंच आहे, पुढचा तळ पातळ आहे किंवा बूट अरुंद आहे. तळव्याच्या मधोमध टोचतंय किंवा फोड आलाय, तर टेकू जास्त उंच आहे नाहीतर चुकीच्या जागी आहे. आणि नेमकं कुठेच नाही, दोन्ही पाय जड, भरून आल्यासारखे, मोज्याचा वळ उठलेला: हे कमानीचं दुखणं नव्हे. पोटरीचे स्नायू आवळले-सैल झाले की रक्त वर ढकललं जातं. एका जागी खांबासारखं उभं राहिलं की तो पंप बंद, आणि रक्त खाली साचतं. याला जगातला कुठलाही बूट उपाय नाही, हलणं हाच उपाय.

पाऊल लवचिक आहे की ताठ

भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभ्या राहा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा. टाचा उचलल्यावर कमान दिसू लागली, टाच आतल्या बाजूला वळली, तर पाऊल लवचिक आहे. दुसरी रीत: तुम्ही उभ्या असताना कुणीतरी तुमचा पायाचा अंगठा वर उचलायचा. तळव्याखालचा तो पट्टा अंगठ्यापर्यंत जातो, त्यामुळे अंगठा उचलला की पट्टा आवळतो आणि कमान वर येते. रहाटावर दोर गुंडाळावा तसं. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली हे मांडलं आणि आजही त्याच तत्त्वावर पाऊल तपासतात.

कमान वर आली तर आधार देणारा बूट आणि अर्धकडक सुखतळा यांचा उपयोग होण्याची आशा चांगली. काही केल्या कमान येतच नसेल तर पाऊल ताठ आहे. अशा पावलाखाली कडक उंच टेकू घातला तर ते उचललं जात नाही, नुसतं टोचत राहतं. त्यांना रुंद, गादीसारखा तळ असलेला बूट बरा, आणि सुखतळा घ्यायचाच तर तज्ज्ञाला दाखवून. हेही सांगून ठेवते की सपाट पावलांच्या पुष्कळ लोकांना काहीच दुखत नाही. दुखत नसेल तर नुसता ठसा बघून खर्चात पडायचं कारण नाही.

कागदी पाऊल कापा

माझ्या पाच जोड्यांपैकी तीन एका नंबरने लहान होत्या, हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. मी दुकानात बसून माप द्यायची. सपाट लवचिक पाऊल भार पडला की पसरतं, लांबीलाही आणि रुंदीलाही. कागदावर पाऊल आखून पाहिलं: बसून २३८ मिलिमीटर, उभ्याने २४५. सात मिलिमीटरचा फरक. आता युरोपीय नंबरात एका नंबराचं अंतर असतं साधारण ६.७ मिलिमीटर आणि ब्रिटिश नंबरात ८.५ च्या आसपास. म्हणजे बसून माप देणं आणि एक नंबर लहान घेणं, माझ्या पायापुरतं तरी एकच.

आखताना पेन्सिल उभीच हवी. ती आत तिरकी गेली की माप खोटं पडतं, हे कटिंगच्या माणसाला सांगावं लागत नाही. स्वतः वाकून आखू नका, वाकताना भार सरकतो. दुसऱ्याला आखू द्या. वेळ संध्याकाळची, काम संपल्यावरची, पाय सुजलेले असताना. मोजे घालूनच आखा, आणि दोन्ही पाय आखा. ते सारखे नसतात. मोठा असेल त्याचं माप धरायचं.

आखलेलं पाऊल कापून दुकानात न्यायचं. बुटातला सुखतळा निघत असेल तर तो काढून कागद त्यावर ठेवायचा. कागद कुठूनही कडेबाहेर जात असेल तर तो बूट रुंदीला कमी आहे, विक्रेता कितीही म्हणो की वापरून सैल होईल. पुढे सगळ्यात लांब बोटासमोर अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. सगळ्यात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, काहींचं दुसरं बोट पुढे असतं.

आणखी एक माप असतं, ते कुणी विचारत नाही: टाचेपासून चवड्याच्या रुंद भागापर्यंतची लांबी. बुटाची वळायची जागा तिथेच यायला हवी. बोटं आखूड असली तर पाऊल एकूण छोटं असूनही हे अंतर मोठं असू शकतं. मग बूट बोटांना बरोबर आणि कमानीला चुकीचा. दर वेळी तळव्याच्या मधे टोचत असेल तर हे मोजून बघा.

दुकानात हाताने करायच्या तीन गोष्टी

टाचेमागची वाटी दोन बोटांनी चिमटीत दाबा. ती आतल्या आत चेपली तर बूट खाली ठेवा; सपाट पावलासाठी बुटातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. मग टाच आणि टोक धरून बूट वाकवा. चवड्याच्या जागी वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर नको. शेवटी ओला कपडा पिळतात तसा पिळून बघा. थोडा पीळ चालेल, दोरीसारखा वळला तर कमानीखाली त्यात काहीच नाही.

ह्या तिन्हींत पास झालेले बूट हातात जरा दणकट वाटतात आणि पहिल्या पावलाला मऊ बुटाइतके गोड लागत नाहीत. माझी खरी फसगत इथेच व्हायची. दुकानात दोन मिनिटं चालून आवडलेला बूट घ्यायचा आणि नऊ तास उभं राहायला वापरायचा. आता मी दुकानात चालतच नाही, नुसती उभी राहते. दहा मिनिटं, एका जागी. लोक बघतात, बघू देत. आणि हो, नव्या बुटांचीही शिवण काउंटरवर ठेवून मागून बघा. कधीकधी बूट कारखान्यातूनच तिरका आलेला असतो.

लेसचे बूट घ्या. सरकवून घालायचे बूट पायात राहावेत म्हणून बोटं नकळत आवळली जातात आणि दिवसभर ती आवळण्याचंच काम करतात. मागून उघड्या बुटांचंही तेच. धुता येतात म्हणून हवेच असतील तर निदान मागे पट्टा असलेले. लेसच्या सगळ्यात वरच्या जादा भोकात दोन्ही बाजूंना छोटे फास करून त्यातून समोरची लेस ओढून बांधली की टाच जागेवर बसते. कित्येक वर्षं मी ते भोक शोभेचं समजत होते.

सुखतळा, म्हणजे इनसोल

बूट चांगला आणि तरी आत कलतंय, तेव्हा हा. तीन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, जुना सुखतळा न काढता त्यावरच नवा ठेवणं. पाय उचलला जातो, टाच बुटाबाहेर येऊ लागते आणि वर बूट चावतो. दुसरं, मऊ जेलचा घेणं. तो टाचेचा धक्का झेलतो, कमान धरत नाही. अंगठ्याने जोर लावून कमानीची जागा दाबा. सहज सपाट झाली तर अंगाच्या भाराखाली काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिसरं, पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्टभर तो घालून उभं राहणं. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग रोज थोडं वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण दिवस. सुरुवातीला पोटरी आणि तळवा थोडा अवघडतो, ते चालेल. टोचणं, बधिरपणा, फोड हे चालायचं नाही.

माप देऊन बनवलेला सुखतळा महाग पडतो. आधी चांगला तयार अर्धकडक घेऊन बघा, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. पण दुसऱ्याचा घालून बघू नका. आमच्या इस्त्रीच्या टेबलावरच्या बाईंनी माझा एक दिवस नेला. त्यांची कमान उंच, वर पाऊल ताठ. दुपारी त्यांनी तो असा परत केला की मला हसू आवरेना.

कामावर सेफ्टी शूज सक्तीचे असतील तर एक खबरदारी. आयएसओ २०३४५ मानकाचे बूट, ज्यांच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात झेलावा लागतो, ते आतल्या सुखतळ्यासकट तपासलेले असतात. तो बदलला तर अंगावरची वीज जमिनीत सोडण्यासारखा गुण बिघडू शकतो. त्या बुटाच्या कंपनीनेच मान्य केलेला सुखतळा मिळतो का, ते सुरक्षा बघणाऱ्या माणसाला विचारा. अशा बुटांत मूळची जागाच कमी असते, म्हणून खोल आणि रुंद मापाचे मागा.

तरीही परत आलं तर

माझं परत आलं होतं, आणि फक्त डाव्या पायाचं. कारण मशीन उजव्या हाताने पुढे ढकलताना मी सगळा भार डाव्यावर टाकून टेबलावर रेलत होते, ते एका सहकारणीने दाखवून दिलं. आता टेबलाखाली वीतभराहून कमी उंचीची एक लाकडी पेटी आहे. थरांची एक रांग कापून झाली की पाय बदलायचा: एक पेटीवर, एक खाली. फरशीवर रबरी चटई टाकली तीही घट्ट, फार मऊ नाही. मऊ चटईवर पाऊल पुन्हा फोमसारखंच कलतं.

पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही आणि ती कसर पाऊल आत कोलमडून भरून काढतं. म्हणून भिंतीला हात लावून, मागचा पाय सरळ, टाच जमिनीला, पोटरीला ताण बसेपर्यंत तीस सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीस सेकंद. ताण घेताना पाऊल आत कलू द्यायचं नाही, नाहीतर पोटरीऐवजी कमानच ताणली जाते. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पायांचं करते. दोन जोड्या आलटून पालटून वापरते, म्हणजे आतला घामही सुकतो.

बूट शोधणं थांबवून डॉक्टरकडे कधी

मोठ्या वयात एकच पाय नव्याने सपाट होऊ लागला. घोट्याच्या आतल्या हाडामागे सूज आहे. एका पायावर उभं राहून टाच उचलताच येत नाही. मागून बघणाऱ्याला एका पायाची बाहेरची बोटं दुसऱ्यापेक्षा जास्त दिसतात. यातलं काहीही असेल तर ती आतली कंडरा निकामी होत असू शकते, आणि ते जितक्या लवकर कळेल तितका उपाय सोपा. मधुमेह असेल, तळव्याला स्पर्श नीट कळत नसेल, तर कडक सुखतळा स्वतःच्या मनाने घालू नका. टोचलेलं कळणार नाही आणि जखम होईल. लहान मुलांची पावलं मात्र सपाट असतातच, कमान वाढत्या वयात घडते, तेव्हा दुखत नसेल तर त्यांच्यामागे बूट घेऊन लागू नका.

सध्याच्या जोडीच्या तळावर मी घेतल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी टेबल रिकामं झालं की खडू आणि गुण्या. पाच महिने रेघ सरळ होती. या शनिवारी डावी सूतभर आत गेलेली दिसली; पाय अजून दुखत नाही. नवी जोडी याच आठवड्यात बघते, कागदी पावलं पर्समध्ये घालून ठेवली आहेत.